भांगेची बर्फी आणि प्री-जॉईनिंग मेडिकल : माझा अनुभव

मी तेलवाहू जहाजांवर थर्ड इंजिनियर आहे. आमच्याकडे जहाजावर चढण्याआधी दर वेळी मेडिकल होतं आणि त्यात लघवीची ड्रग टेस्ट असतेच. 1989 मध्ये अलास्काजवळ 'एक्झॉन वाल्डेझ' खडकावर चढलं, समुद्रभर तेल पसरलं आणि तेव्हापासून टँकर कंपन्यांनी दारू आणि ड्रग्जचे नियम फार कडक केले. मला ते नियम मनापासून पटतात. रात्रीच्या वॉचला इंजिनरूममध्ये डोकं ठिकाणावर नसलेला माणूस मला शेजारी नको.

यंदा धुळवडीला मालाडला एका मित्राकडे गेलो होतो. ताटात हिरवट बर्फी होती, पिस्त्याची समजून खाल्ली. तासभर काहीच नाही. मग जीभ कोरडी पडली, छाती धडधडायला लागली आणि समोरचा माणूस काय बोलतोय त्याची संगती लागेना. मित्राचे काका म्हणाले, "अरे, भांगेची आहे ती. तुला कुणी सांगितलं नाही?" नव्हतं सांगितलं. सणाचा आनंद मी समजू शकतो, पण न सांगता कुणाच्या ताटात असं काही ठेवणं मला अजिबात मान्य नाही. त्याच खोलीत बीपीच्या गोळ्या घेणारी माणसं होती, लहान मुलं होती.

खाल्लेली भांग उशिरा चढते, अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत कधीही, आणि मग सहा-आठ तास सोडत नाही. संध्याकाळी मी शुद्धीवर होतो, पण डोक्यात एकच विचार घोळत होता. सिंगापूरला जॉईनिंग लागलं होतं आणि मेडिकल त्याच आठवड्यात होतं.

बॅचमेट्सच्या ग्रुपवर विचारलं तर सल्ल्यांचा पाऊस पडला. तीन दिवसांत सगळं निघून जातं. लिंबूपाणी पी. व्हिनेगर पी. आदल्या दिवसापासून पाणी ढोसत राहा. बायको म्हणाली, "आधी ऑफिसला फोन कर, बाकी नंतर." तिचं ऐकलं. क्रू डिपार्टमेंटच्या मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "हे सगळं मेलवर लिहून द्या. टेस्टच्या आधी सांगताय म्हणून तुम्हाला डॉक्टरांकडे पाठवता येतंय. रिपोर्ट आल्यावर सांगितलं असतंत तर माझ्या हातात काही उरलं नसतं." त्या जहाजावरून माझं नाव निघालं.

फोर्टमधल्या क्लिनिकमध्ये जे डॉक्टर भेटले, त्यांच्यामुळे मला हा विषय खऱ्या अर्थाने कळला. मी विचारलं, "डॉक्टर, नक्की किती दिवस?" ते म्हणाले, "कोणत्या टेस्टला, कोणत्या कटऑफला, म्हणजे किती प्रमाणाच्या वर पॉझिटिव्ह धरतात, आणि कुणाच्या अंगात, हे आधी सांगा."

भांग असो, गांजा असो की परदेशातून आणलेली गमी, म्हणजे गांजा घातलेली चघळायची गोळी, नशा आणणारा पदार्थ एकच, टीएचसी. खाल्ल्यावर तो आतड्यातून सरळ लिव्हरमध्ये जातो. तिथे त्याचं आधी 11-हायड्रॉक्सी-टीएचसी होतं, जे मेंदूवर जोरात काम करतं, आणि मग टीएचसी-सीओओएच. या शेवटच्या पदार्थाने नशा होत नाही, पण लघवीच्या टेस्टमध्ये शोधतात तो हाच. म्हणजे नशा उतरली तरी टेस्ट कित्येक दिवस पॉझिटिव्ह येऊ शकते. शिवाय टीएचसी चरबीत विरघळतं, तिथे साठतं आणि हळूहळू बाहेर येतं.

पहिल्या स्क्रीनिंगचा नेहमीचा कटऑफ मिलिलिटरला 50 नॅनोग्रॅम. एकदाच घेतलेलं असेल तर त्या कटऑफला साधारण 3-4 दिवस, आणि कटऑफ 20 असेल तर आठवडाभर दिसू शकतं. रोज घेणाऱ्याचं गणित वेगळं. तिथे हिशेब आठवड्यांत जातो, आणि वर्षानुवर्षं भरपूर घेणाऱ्याचा महिन्याच्याही पुढे. रक्तातलं टीएचसी एखाद-दोन दिवसांत उतरतं, लाळेत एक ते तीन दिवस, केसांत मात्र तीन महिन्यांचा इतिहास राहतो. स्क्रीनिंग पॉझिटिव्ह आलं तर जीसी-एमएस किंवा एलसी-एमएस मशीनवर पक्की तपासणी होते, आणि तिथे अनेक ठिकाणी कटऑफ 15 असतो.

पाणी पिण्याबद्दल विचारलं तेव्हा डॉक्टरांनी कागदावर आकृती काढून दाखवली. टीएचसीचा बराचसा भाग, सुमारे 65 टक्के, शौचावाटे जातो. लघवीतून जेमतेम 20 टक्के. आतड्यात उतरलेल्यातलं काही पुन्हा शोषलं जाऊन लिव्हरकडे परततं. लिटरभर पाणी पिऊन ते धुतलं जात नाही, फक्त लघवी पातळ होते, आणि ते लगेच पकडलं जातं, कारण प्रत्येक सॅम्पलमध्ये क्रिएटिनिन, म्हणजे लघवीत नेहमी असणारा एक पदार्थ, मोजतात. ते डेसिलिटरला 20 मिलिग्रॅमच्या खाली गेलं की सॅम्पल 'डायल्यूट', म्हणजे पातळ. लघवीच्या घट्टपणाप्रमाणे आकडा वरखाली होतो, म्हणून आज निगेटिव्ह आणि उद्या सकाळी पुन्हा पॉझिटिव्ह असंही घडतं. एका रिपोर्टवर विसंबू नका, असं त्यांनी बजावलं.

मधल्या काळात त्यांनी क्लिनिकमध्येच कार्ड टेस्ट केली. त्या कार्डावर सी (कंट्रोल) आणि टी (टेस्ट) अशा दोन जागा असतात. प्रेग्नन्सी टेस्टच्या बरोबर उलट, इथे 'टी'पाशी रेघ आली तर निगेटिव्ह, आणि तिथे रेघच आली नाही तर पॉझिटिव्ह. माझी रेघ अगदी फिकट होती. मी घाबरलो. "फिकट असली तरी रेघ ती रेघ," डॉक्टर म्हणाले, "पण कंपनीला हे चालणार नाही. लॅबचा रिपोर्ट लागेल, आणि आपण अजून थांबू." थांबलो.

शेवटी लॅबची टेस्ट झाली. खिसे रिकामे करायला लावले, हात धुवायला लावले. सॅम्पलमध्ये पाणी मिसळता येऊ नये म्हणून टॉयलेटमधलं पाणी निळं केलेलं, नळ बंद. कपाच्या बाजूला तापमानाची पट्टी होती. चार मिनिटांच्या आत ती 32 ते 38 अंश दाखवायला हवी. सॅम्पल माझ्यासमोर दोन बाटल्यांत ओतलं, सील लावलं, सीलवर माझी सही, फॉर्मवर तोच बारकोड. दुसरी बाटली राखून ठेवतात, म्हणजे निकालावर वाद झाला तर तीच उघडता येते. हे काटेकोरपण पाहून मला बरं वाटलं, कारण ते माझ्याही बाजूचं होतं.

कायद्याचंही विचारलं होतं. 1985 च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यातल्या गांजाच्या व्याख्येत नुसती पानं येत नाहीत, आणि भांग पानांचीच असते, म्हणून बनारसला भांगेची सरकारमान्य दुकानं आहेत. महाराष्ट्रात मात्र 1949 च्या दारूबंदी कायद्याचं नियंत्रण आहे. आणि भांगेचं पान खाल्लं की गांजाचा शेंडा ओढला, हे लघवीच्या टेस्टला कळत नाही. रिपोर्टवर फक्त 'टीएचसी' लिहून येतं.

रिपोर्ट निगेटिव्ह आला, क्रिएटिनिन नॉर्मल. फिटनेसचा शिक्का मिळाला आणि पुढचं जॉईनिंग यूएईतल्या फुजैरा बंदराहून लागलं. मधला पगार गेला, होम लोनचा हप्ता बायकोने सांभाळला.

निघण्याआधी मॅडमना आणखी एक मेल टाकला. कंपनीच्या जॉईनिंग सूचनेत दारू, सिगारेट आणि खोकल्याच्या औषधांबद्दल लिहिलेलं आहे, खाण्याच्या पदार्थांबद्दल एक ओळही नाही. महाशिवरात्री आणि होळीच्या आधी सुट्टीवर असलेल्या क्रूला वेगळा मेसेज जावा, त्यात ठंडाई, बर्फी, पेढे आणि गमी यांची नावं घ्यावीत, आणि चुकून पोटात गेलं तर टेस्टच्या आधी कुणाला कळवायचं तो नंबर द्यावा, एवढी मागणी केली आहे.