माझा अनुभव : मशीनला इंद्रायणीची ओळख करून देताना

गेल्या सुगीत व्यापाऱ्यानं माझ्या भातात मीटर खुपसलं, "सतरा टक्के ओल आहे" म्हणाला आणि क्विंटलमागं तीन किलो कडता धरला. चार कडक उन्हं दिलेलं भात होतं ते, दाताखाली दाणा कटकन तुटत होता. रात्रभर झोप आली नाही. सकाळी त्यातलंच दीड किलो बरणीत भरलं आणि शिराळ्याहून थेट सांगलीची प्रयोगशाळा गाठली.

तिथल्या मशीनच्या वाटीत दाणे ओतले की मिनिटाभरात ओलाव्याचे आकडे येतात. डोळ्याला न दिसणारा प्रकाश दाण्यांवर पडतो. त्याला निअर-इन्फ्रारेड म्हणतात, लहरींची लांबी 780 ते 2500 नॅनोमीटर. पाणी हा प्रकाश 1450 आणि 1940 च्या आसपास जास्त शोषतं, प्रथिनांच्या आणि स्टार्चच्या जागा वेगळ्या. दाणा फोडायला नको की रसायन नको.

आकडा आला 15.1. मी हिरमुसलो. मशीन चालवणाऱ्या ताईंनी बरणीला हात लावला आणि विचारलं, "दादा, उन्हातून आणलीत ना?" गाडीच्या डिकीत बरणी चांगलीच तापली होती. दाणा गरम असला की पाण्याची शोषणाची जागा किंचित सरकते आणि आकडा चुकतो. दोन तास नमुना टेबलावर ठेवल्यावर 14.4 आलं. मग त्यांनी भट्टी लावली. दळलेलं भात 5 ग्रॅम, 130 अंशाला 2 तास. बाहेर काढल्यावर वजन 4.32 ग्रॅम. म्हणजे ओलावा 13.6 टक्के! माझा दाणा वाळलेला होता.

मग 0.8 चा फरक कुठून आला? ताई म्हणाल्या, या मशीनला जे भात दाखवून शिकवलंय ते बाहेरच्या भागातलं, तुमची इंद्रायणी जात त्यानं पाहिलेलीच नाही. भट्टीचा खरा आकडा आणि प्रकाशाचा आलेख अशा जोड्या पुष्कळ दिल्या की ते शिकतं.

मी नमुने गोळा करायला लागलो आणि खरी अडचण तिथं आली. जो तो आपलं सगळ्यात चांगलं, वाळवून पाखडलेलं भात पुढं करायचा. मशीनला मात्र ओलं, अर्धवट वाळलेलं, पावसात भिजलेलं असं सगळंच लागतं, नाहीतर ओल्या पोत्यापुढं ते गडबडतं. आमच्या आत्या म्हणाल्या, "भिजलेलं कशाला नेतोस रं? गावाची अब्रू जाईल." त्यांची समजूत घालायला दोन चहा लागले. शेवटी त्यांनीच झोडणीच्या दिवशीचं ताजं, हाताला गार लागणारं भात काढून दिलं. मला विचाराल तर सगळ्या नमुन्यांत तोच सर्वात मोलाचा.

एकूण 42 नमुने झाले. त्यातले 10 मशीनला न दाखवता बाजूला ठेवले होते. बाकीच्यांवरून मशीनची दुरुस्ती झाल्यावर ते तपासले तेव्हा 8 नमुने भट्टीच्या आकड्यापासून 0.3 च्या आत बसले. तो कागद हातात घेताना माझे डोळे भरून आले.

मशीनला अमायलोज, म्हणजे स्टार्चचा एक घटक, शिकवायचं काम अजून बाकी आहे. इंद्रायणी मऊ, चिकट शिजते ती अमायलोज बेताचं असल्यामुळं. त्यासाठी तांदूळ सडून, दळून, आयोडीनच्या निळ्या रंगावरून एकेक नमुना मोजावा लागतो.

यंदाची धूळवाफेवरची पेरणी उगवून आलीय. धुतलेल्या बरण्या ओट्यावर पालथ्या घातल्यात, आणि चिठ्ठ्यांसाठी पेन्सिल घेतलीय, कारण गेल्या वर्षी ओल्या भातात पेनाची शाई फुटली होती.