चार बार तुझे, चार बार माझे

शहरात जॅझचा आठवडा सुरू आहे आणि आज अगदी पुढे, ड्रम्सच्या बाजूला जागा मिळाली. रेकॉर्डिंग कितीही ऐका, डबल बासची तार ओढल्यावर पायाखालच्या फळ्यांतून जी थरथर येते, ती हेडफोनमध्ये येतच नाही.

बारा बारांचा ब्लूज होता, म्हणजे जॅझमधला पुन्हा पुन्हा फिरणारा एक साचा; बार म्हणजे ठरावीक मात्रांचा एक गट. मूळ सांगाडा जेमतेम तीन कॉर्ड्सचा, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या तीन स्वरसमूहांचा, पण सॅक्सोफोनवाल्याने प्रत्येक फेरीत वेगळंच काहीतरी उभं केलं. आणि मग तो भाग, ज्यासाठी मी जातो: चार बार सॅक्स, लगेच चार बार ड्रम्स, सवाल-जवाबच! ड्रमरने काठ्या ठेवून ब्रश उचलले आणि सॅक्सचाच तुकडा स्नेअर ड्रमवर असा घासून काढला, की सॅक्सवाल्याला हसू आवरेना. पुढचा बार तसाच रिकामा गेला आणि तोही सुंदर वाटला.

शेवटी ‘टेक फाइव्ह’. पॉल डेझमंडची रचना, डेव्ह ब्रुबेक क्वार्टेटने, म्हणजे त्याच्या चौघांच्या बँडने, १९५९ मध्ये रेकॉर्ड केलेली, प्रत्येक बार पाच मात्रांचा. पियानोवाली तेच वळण न ढळता धरून होती. असं धरून ठेवणाऱ्यांना टाळ्या कमी मिळतात, हे मला अजिबात पटत नाही. आज हात दुखेपर्यंत वाजवल्या.

उद्या ट्रिओ, म्हणजे तिघांचा बँड आहे. जमेल त्यांनी याच, आणि शक्यतो ड्रम्सजवळ बसा.