झिओलाइटची पिशवी

सकाळी सव्वासातला काकांचा फोन आला. "अगं, चारही मासे वर आलेत. तोंडं नुसती उघडमिट करतायत. काल रात्रीपर्यंत व्यवस्थित होते."

घरोघरच्या फिश टँकची देखभाल हे माझं काम. असा फोन आला की मी आधी एकच विचारते: गेल्या दोन दिवसांत पाण्यात काय टाकलंत?

"मीठच फक्त. तूच म्हणाली होतीस ना, पांढरे ठिपके दिसले तर मीठ घाला म्हणून."

म्हटलं होतं, आणि ते बरोबरच होतं. पांढऱ्या ठिपक्यांवर लिटरला ३ ग्रॅम मीठ हा जुना, खात्रीचा उपाय आहे. गोल्डफिशला ते सोसतंही. काकांनी मोजून घातलं होतं, २०० लिटरला ६०० ग्रॅम. एअर पंप पूर्ण जोरात चालू करा, खायला काही घालू नका, एवढं सांगून मी पाणी तपासायचं किट घेऊन निघाले.

टँक बघितला तर पाणी आरशासारखं. तळाला कचरा नाही, काचेवर शेवाळ नाही. "पाणी बघ ना किती स्वच्छ आहे," काका पुन्हा पुन्हा म्हणत होते. त्यांचा जीव खालीवर होत होता. पण पाण्याची नितळाई एवढंच सांगते की तरंगणारा कचरा फिल्टरच्या कापसात अडकतोय. विरघळलेलं विष डोळ्यांना दिसत नाही. माशांचे कल्ले लालभडक झाले होते, पर अंगाला चिकटले होते, आणि सगळ्यात मोठा मासा कोपऱ्यात कलंडला होता.

अमोनियाची नळी पिवळी राहायला हवी, ती हिरवी झाली: लिटरला २ मिलिग्रॅम. पीएच ८. हा पीएच, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी किंवा अल्कधर्मी ते सांगणारा आकडा, महत्त्वाचा आहे, कारण पाण्यातला सगळा अमोनिया सारखा विषारी नसतो. २५ अंशांना पीएच ७ असेल तर त्यातला अर्धा-पाऊण टक्काच घातक रूपात असतो. ८ ला तोच वाटा पाच टक्क्यांच्या वर जातो. म्हणजे किटवर आकडा तोच, आणि माशाला त्रास जवळजवळ दहापट.

मग नायट्राइट पाहिलं. शून्य. नायट्रेटही जवळपास नाहीच. तिथे मी थबकले.

चार गोल्डफिश रोज खातात, विष्ठा टाकतात, कल्ल्यांतून अमोनिया सोडतात. टँकमध्ये झाडं नाहीत. फिल्टर सोळा दिवस चालू आहे. त्यातले जिवाणू कामाला लागले असते तर अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट होऊन ते पाण्यात साठलेलं दिसायला हवं होतं. ते नाही, म्हणजे जिवाणू जवळपास नाहीत. मग सोळा दिवसांचा अमोनिया गेला कुठे? आणि एका रात्रीत परत कुठून आला?

हे मनात येताक्षणी मला ती पिशवी आठवली.

अठरा दिवसांपूर्वी काकांनी टँक दुसऱ्या खोलीत हलवला होता. कॅनिस्टर, म्हणजे फिल्टरचा बंद डबा, तसाच बंद, पाण्याने भरलेला, दोन दिवस पडून राहिला. प्रवाह थांबला की आतला प्राणवायू काही तासांत संपतो आणि जिवाणू गुदमरतात. मी उघडला तेव्हा कुजका वास आला होता, म्हणून स्पंज, रिंग्ज, जिवाणू ज्यावर राहतात तो सगळा मीडिया फेकून नवा भरला. कोऱ्या फिल्टरला माशांचा भार झेपणार नाही म्हणून वरच्या कप्प्यात अर्धा किलो झिओलाइटची पिशवी ठेवली. काकांना सांगितलं, "नवा मीडिया भरलाय." पिशवीबद्दल बोलले नाही. आठवडाभरात काढीन असं ठरवलं होतं, आणि तो आठवडा दुसऱ्या कामांत गेला.

झिओलाइट हा सच्छिद्र खनिज दगड. तो अमोनिया नष्ट करत नाही, अदलाबदल करतो: आपल्याकडचा सोडियम सोडून पाण्यातला अमोनियम, म्हणजे अमोनियाचंच कमी विषारी रूप, धरतो. हाच व्यवहार उलटाही होतो. पाण्यात सोडियम वाढवा, म्हणजे मीठ घाला, की दगड अमोनियम सोडून सोडियम धरू लागतो. वापरलेलं झिओलाइट पुन्हा ताजं करायला ते मिठाच्या दाट पाण्यात भिजवतात ते याच कारणाने. काकांनी काल संध्याकाळी योग्य औषध योग्य प्रमाणात दिलं, आणि माझ्या पिशवीने दोन आठवड्यांचा साठा रातोरात माशांवर ओतला.

मी कॅनिस्टर उघडला, पिशवी बाहेर काढून काकांच्या हातात दिली आणि जे झालं ते सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मला सांगायला हवं होतंस."

हो. सांगायलाच हवं होतं.

निम्मं पाणी बदललं, क्लोरीन काढून, तापमान जुळवून, आणि बदललेल्या पाण्यापुरतं मीठ पुन्हा घातलं. मीठ की झिओलाइट, दोन्ही एकत्र चालणार नव्हतं. ठिपके अंगावर होते, म्हणून मीठ ठेवलं आणि अमोनियासाठी रोज पाणी बदलायचं ठरवलं. दुपारपर्यंत तीन मासे खाली उतरून पोहू लागले. मोठा मासा संध्याकाळी गेला. काकांनी तो सात वर्षं सांभाळला होता. त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

मधल्या वेळात त्यांनी विचारलं, "पिशवीच्या जागी आता काय? कार्बन?" हा प्रश्न मला सगळीकडे विचारला जातो. कार्बन पाण्याचा पिवळेपणा, वास, उरलेलं औषध शोषतो. अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट यांतलं काहीही तो काढत नाही. उलट उपचार चालू असताना ठेवला तर औषधच खाऊन टाकतो. घरच्या टँकला तो बारमाही लागत नाही असं माझं ठाम मत आहे, आणि झिओलाइटबद्दल तर त्या दिवसापासून आणखी ठाम. त्याने माशांना वाचवलं, पण जिवाणूंच्या तोंडचा घासही काढून घेतला. उपाशी ठेवलेल्या फिल्टरमध्ये वसाहत वाढणार कशी?

त्या कप्प्यात मी जाड भोकांचा स्पंज भरला. खोक्यांवर लिटरमागे अमुक चौरस मीटर पृष्ठभाग असे मोठे आकडे असतात, पण ती सूक्ष्म छिद्रं गाळाने बुजली की आत पाणी पोचत नाही. आणि जिवाणू किती वाढायचे हे शेवटी अमोनिया आणि प्राणवायू किती मिळतो त्यावर ठरतं. पाणी मोकळं वाहू देणारा, टँकच्याच पाण्यात पिळून वर्षानुवर्षं वापरता येणारा साधा स्पंज मला त्या चकचकीत दगडांपेक्षा भरवशाचा वाटतो. सिरॅमिक रिंग्ज होत्या त्या राहू दिल्या. शेवटी पातळ कापूस, बारीक कचऱ्यासाठी. तो मळला की फेकायचा.

संध्याकाळी घरी जाऊन माझ्या निरोगी टँकच्या फिल्टरमधला तपकिरी, बुळबुळीत स्पंज कापून अर्धा आणला, तोही टँकच्या पाण्यात बुडवून, सुकू न देता. काका नाक मुरडून म्हणाले, "हे घाणेरडं आत घालणार?" ते घाणेरडंच आम्हाला हवं होतं.

पुढे काका रोज सकाळी स्वतः तपासणी करू लागले. हिरवा रंग दिवसागणिक फिकट होत गेला. सहाव्या दिवशी त्यांचा घाबरा फोन. "नायट्राइटची नळी जांभळी झालीय!"

मला इतका आनंद झाला की मी खुर्चीतून उठले. नायट्राइट दिसतंय म्हणजे अमोनिया खाणारे कामाला लागले. ते पुढे नेणारे, गोड्या पाण्याच्या टँकमध्ये मुख्यतः नायट्रोस्पायरा, जरा सावकाश येतात. मधले दिवस धोक्याचे असतात, कारण नायट्राइट कल्ल्यांतून रक्तात शिरून प्राणवायू वाहू देत नाही. पण पाण्यात क्लोराइड भरपूर असेल तर नायट्राइटला कल्ल्यांतून वाट मिळत नाही. आणि क्लोराइड म्हणजे मिठाचाच अर्धा भाग.

"काका, मीठ अजून पाण्यात आहे ना?"

"आहे की. काढू का?"

"नको," मी म्हटलं, "आता ते राहू द्या."