यंदा राज्य तिच्यावर

बोरिवलीहून सकाळची गाडी पकडली की दुपारच्या जेवणाला बडोदा. माझं माहेर दांडिया बाजारातलं, त्यामुळे मे महिन्यातला हा प्रवास मला पाठ आहे. लेक नऊ वर्षांची. तिला सेरेब्रल पाल्सी आहे, पायांचे स्नायू कायम ताठलेले असतात. घरात वॉकर, बाहेर व्हीलचेअर. एकट्याने प्रवास करू न शकणाऱ्या अपंग प्रवाशाला रेल्वेत स्लीपर, थर्ड एसी आणि चेअर कारला ७५ टक्के सवलत मिळते (राजधानी-शताब्दीला कमी), आणि सोबतच्या एका माणसालाही तेवढीच. पुष्कळ आईबाबांना हे माहीत नसतं, म्हणून लिहिते.

वापी मागे पडल्यावर ती खिडकीतून नजर न हलवता म्हणाली, "आई, मी या वेळी अंपायर होणार नाही. मला राज्य हवंय."

दरवर्षी वाड्याच्या चौकात डब्बा ऐसपैस रंगतो. भाचरं तिला प्रेमाने खुर्चीसकट ओट्यापाशी बसवतात आणि "तू अंपायर" म्हणून मोकळी होतात. मीही दरवर्षी खूश व्हायचे, पोरांनी तिला सामावून घेतलं म्हणून. तिला तसं वाटत नव्हतं, हे मला नऊ वर्षांनी कळलं.

बडोद्याचा मे म्हणजे बेचाळीसच्या आसपास पारा. व्हीलचेअरची लोखंडी दांडी उन्हात इतकी तापते की हात ठेववत नाही, आणि पायांना आधार देणाऱ्या स्प्लिंटच्या आत घाम साचून कातडी सोलवटते. म्हणून आमचा दिवस साडेसहाला कमाटी बागेत सुरू व्हायचा आणि नऊला घरात शिरायचा. १८७९ साली सयाजीराव महाराजांनी उभारलेली ही शंभरावर एकरांची बाग माझ्या लेखी बडोद्याचं सगळ्यात मोठं सुख. रस्ते रुंद, डोक्यावर जुन्या झाडांची सावली. तिने स्वतः चाकं ढकलत फुलांच्या घड्याळापर्यंतचा पल्ला गाठला. घड्याळाचे काटे फुलझाडांवरून फिरतात आणि यंत्र जमिनीखाली असतं, हे कळल्यावर ती बराच वेळ सेकंदकाट्याकडे बघत राहिली. मामाने मागून खुर्ची ढकलायला हात लावला तेव्हा म्हणाली, "मामा, आधी विचार ना." मामाने लगेच हात काढला आणि विचारलं. ती "नको" म्हणाली.

बागेतल्या संग्रहालयात निळ्या देवमाशाचा सांगाडा आहे. १९४४ साली तो मही नदीच्या मुखाशी वाहून आला होता. धाकट्या भाच्याने "हा चालायचा कसा?" असं विचारलं आणि लेकीने ठणकावलं, "तो चालत नाही, पोहतो!" तिथून मग पोहण्याचा विषय निघाला.

पोहायला आम्ही एका तलावावर गेलो होतो. तिथल्या माणसाने खुर्चीकडे बघितलं आणि माझ्याशी बोलला, तिच्याशी नाही. "अशा मुलांना आम्ही घेत नाही, काही झालं तर जबाबदारी कोणाची?" मी पाण्यात सोबत उतरणार होते, तसं सांगितलंही. २०१६ च्या अपंग हक्क कायद्याचं नाव काढलं. उपयोग झाला नाही. परतताना रिक्षात कोणीच बोलत नव्हतं. काळ्या घोड्यापाशी सिग्नलला थांबलो, समोर सयाजीरावांचा घोड्यावरचा पुतळा. १९०६ साली ज्यांनी सबंध संस्थानात मुलामुलींना शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, त्यांचं हे गाव. माझ्या लेकीला एका शाळेने "वर्ग तिसऱ्या मजल्यावर आहे" म्हणून परत पाठवलं होतं, ते नेमकं तेव्हा आठवलं आणि घशाशी आलं.

घरी आल्यावर वहिनी म्हणाल्या, "ताई, चौक आपलाच आहे की." दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांनी बाजारातून हवा भरायचा मोठा टब आणला. सकाळी पाणी भरून ठेवलं, चारपर्यंत उन्हाने ते छान कोमट झालं. फिजिओथेरपिस्ट नेहमी सांगतात की कोमट पाण्यात ताठलेले स्नायू सैल पडतात आणि शरीराचा भार पाणी उचलतं. ते त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं. एरवी कात्रीसारखे एकमेकांवर चढणारे तिचे पाय हळूहळू सुटे झाले. पाच पोरं टबात, दहा पाय, कोणाचा कुठला ते ओळखू येईना. आजी पायरीवर बसून केशर आंबे हाताने दाबून मऊ करत होती. त्यातले चार हिच्या हातात दिले. बोटांना असा व्यायाम कुठलं यंत्र देणार?

रात्री गच्चीवर झोपायचं तर जुन्या वाड्याचा उभा जिना. खुर्ची उचलायची पद्धत मी मोठ्या भाच्याला, म्हणजे पोरांच्या दादाला, आणि मामाला शिकवली: खुर्चीची पाठ जिन्याकडे, एकाने वरून मागच्या मुठी धरायच्या, दुसऱ्याने खालून पुढची पक्की चौकट. हाताच्या दांड्यांना किंवा चाकांना धरून कधी उचलायचं नाही, दांड्या निसटतात. आणि "उचला" हे तिने म्हणायचं. तिने म्हटल्याशिवाय कोणी हात लावायचा नाही.

आता राज्य. पहिल्या संध्याकाळी दादाने डबा भिरकावला, धाकट्याने तो आणून खडूच्या वर्तुळात ठेवला, तोवर लेक डोळे मिटून बसलेली. हातात आजोबांची काठी. लपायचं फक्त वाड्यात: जिन्याखाली, तुळशीमागे, मामाच्या स्कूटरमागे. कोणी दिसलं की नाव घेऊन ऐसपैस म्हणायचं आणि काठी डब्यावर ठोकायची. लपणाऱ्याने त्याआधी डबा उडवायचा. मात्र पोरं मुद्दाम रेंगाळत पळू लागली. दोन डावांतच तिच्या लक्षात आलं आणि ती रडली, "तुम्ही मला जिंकवताय!" तेव्हा मामाने ओट्यावरून नियम काढला: जो हळू पळेल, पुढचं राज्य त्याच्यावर. मग काय, डबा असा खणाणला की शेजारच्या बेन खिडकीत आल्या. तिच्यावर सलग तीन डाव राज्य राहिलं. चौथ्या डावात स्कूटरमागून दादाची शेंडी दिसली आणि तिने काठी आपटली, "दादा ऐसपैस!"

मग राज्य दादावर. आता हिला लपायचं होतं. चौकात वाळत घातलेल्या गोधडीमागे तिने स्वतः खुर्ची नेली, ब्रेक लावला आणि श्वास रोखून बसली. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होते. गोधडीखालून दोन्ही चाकं स्वच्छ दिसत होती. दादाची नजर तिथे गेली. तो क्षणभर थांबला, माझ्याकडे बघितलं. मी काहीच खूण केली नाही. मग तो डब्याकडे धावला आणि ओरडला, "चाकं दिसली! ऐसपैस!"

गोधडी बाजूला सारून ती बाहेर आली, गाल फुगवून. "मामी, उद्या यापेक्षा लांब चादर वाळत घाल."