जागा आहे तरी फाइल जात नाही? पेन ड्राइव्ह फेकू नका

रामबागेतल्या आमच्या काकांनी नवीन लॅपटॉप घेतला आणि जुन्यातला डेटा काढायला मला बोलावलं. बाकी सगळं गेलं, पण काकूंच्या गणेशोत्सवातल्या गाण्याचा व्हिडिओ काही जाईना, पेन ड्राइव्ह ३२ जीबीचा, अर्ध्याच्या वर रिकामा, आणि विंडोज म्हणतंय फाइल फार मोठी आहे. दुकानदाराने काकांना दुसरा पेन ड्राइव्ह घ्यायला सांगितलं होतं. काही गरज नाही हो! तो फॅट३२ या फाइली साठवायच्या जुन्या पद्धतीत फॉरमॅट केलेला होता आणि त्यात ४ जीबी किंवा त्यावरची एक फाइल बसतच नाही, ड्राइव्ह कितीही मोठा असू दे. आतलं सगळं आधी दुसरीकडे काढून घ्या, कारण फॉरमॅट केलं की उडतं, मग ड्राइव्हवर राइट क्लिक, फॉरमॅट, आणि यादीतून एक्सफॅट निवडा, या पद्धतीत ती ४ जीबीची अडचण नाही. व्हिडिओ गेला.

स्पीडचं म्हणाल तर यूएसबी २.० हा जुना प्रकार कागदावर ४८० मेगाबिट, म्हणजे सेकंदाला ६० एमबी, हातात पडतात त्याच्या अर्ध्याच्या आसपास. ३.० खूप फास्ट आहे पण पोर्ट आणि ड्राइव्ह दोन्ही ३.० हवेत. आणि बारीक बारीक हजारो फाइली असतील तर त्यांची एक झिप करून न्या, खूप वेळ वाचतो.

खरा घोळ पुढे झाला. काकांनी मंडळाची इतिवृत्तं वर्षानुवर्षं कृतिदेवमध्ये टाइप केलेली, नव्या लॅपटॉपवर उघडली तर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, काका एकदम गप्पच झाले. पण फाइल चांगली असते. या जुन्या फॉन्टमध्ये आत इंग्रजी अक्षरांचेच कोड साठवलेले असतात, मराठी दिसतं ते फॉन्टमुळे, म्हणून जुन्या लॅपटॉपच्या विंडोज फोल्डरमधल्या फॉन्ट्समधून तो फॉन्ट उचलून नव्यात इन्स्टॉल करायचा, की मजकूर जसाच्या तसा. नंतर सवडीने कन्व्हर्टरने युनिकोड, म्हणजे ज्यात मराठी अक्षरांचे स्वतःचे कोड असतात, ते करून घ्या, म्हणजे सर्चही करता येतं आणि मोबाइलवरही वाचता येतं. फक्त रफार, वेलांट्या आणि जोडाक्षरं डोळ्याखालून घाला, गडबड तिथेच होते. आपल्या इंदूरच्या मराठी मंडळांचं असं किती लिखाण जुन्या मशीनींत पडलं असेल, ते टिकलंच पाहिजे असं मला फार वाटतं.

आणि जुना लॅपटॉप लगेच विकू नका. दोन्हीकडे फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये फाइलींची संख्या आणि बाइट्स जुळतात का बघा, मोठे व्हिडिओ शेवटपर्यंत पुढे सरकवून बघा, आणि डेस्कटॉप आणि डाउनलोड्स फोल्डर विसरू नका, महत्त्वाचे कागद बहुतेकांचे तिथेच असतात.