वेलिणकरांची तारीख

कोल्हापूर, ३० जून, रात्र

सकाळपासून पाऊस धरून आहे. संध्याकाळी पंचगंगेवर जाऊन आलो. पाणी घाटाच्या पायऱ्या चढायला लागलंय. नेहमीसारखी माणसं पाणी बघत उभी होती, मीही उभा राहिलो, पण डोक्यात दिवसभर एकच नाव घोळत होतं. श्रीकृष्ण वेलिणकर.

आज त्यांना जाऊन एकशे काही वर्षं झाली. ३० जून १९१८, पहिलं महायुद्ध. मुंबईचा मुलगा, १८९४ चा जन्म, केंब्रिजच्या जीझस कॉलेजात शिकायला गेलेला. हिंदी माणसाला सैन्यात अधिकारी नेमायची रीतच नव्हती, तेव्हा हा ब्रिटिशांच्या हवाई दलात वैमानिक झाला. इंद्रलाल रॉय, हरदितसिंग मलिक, एरोल सेन आणि हे, अशी बोटांवर मोजण्याइतकीच नावं. त्यांतले रॉय वेलिणकरांच्या मागोमाग, २२ जुलैला गेले. तेही फ्रान्सच्याच मातीत आहेत.

२३ नंबरच्या स्क्वाड्रनमध्ये ते डॉल्फिन विमान चालवत. त्या विमानाची रचना वाचल्यापासून ती माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. वरच्या पंखाच्या चौकटीत मोकळी जागा आणि तिच्यातून वैमानिकाचं डोकं बाहेर. वरचं सगळं आभाळ स्वच्छ दिसे. पण उतरताना विमान उलटलं की पहिला मार मानेवर. पॅराशूट नाही. तोंडावर सतत गार वारा. पंचविशीही न गाठलेला पोरगा रोज त्यात बसायचा. २७ जूनला गेला तो परतला नाही. जखमी होऊन जर्मनांच्या हाती सापडला आणि तीन दिवसांनी तिथंच संपला. ते तीन दिवस मला फार छळतात. शेवटी पाणी मागितलं असेल तर कुठल्या भाषेत?

आता ते फ्रान्समधल्या आमियाँ शहराजवळच्या हँगार्ड नावाच्या खेड्यात आहेत. गावच्या स्मशानभूमीला लागून युद्धात पडलेल्यांसाठी वाढवलेली जागा आहे, तिथं. त्या युद्धात ब्रिटिशांनी नियमच केला होता की कुणाचाही देह मायदेशी न्यायचा नाही, आणि अधिकारी असो की साधा शिपाई, दगड एकाच मापाचा. नियम न्यायाचा आहे, मला पटतो. तरी समुद्रापलीकडच्या घरी काय उरलं असेल, हा विचार जात नाही.

आमच्या घरी काय उरलं ते मला माहीत आहे. आजीचे चुलते त्याच महायुद्धात इराकमधल्या बसऱ्याला गेले. राख नाही, दगड नाही, फक्त ‘बसऱ्याला गेले’ एवढं वाक्य. आजी ते वाक्य हळू आवाजात म्हणायची, जणू ते शेजारच्या खोलीत निजलेत.

उलट बाजूही याच गावानं बघितली आहे. १९४३ ते १९४८ या काळात जवळच्या वळिवड्याच्या छावणीत दुसऱ्या महायुद्धात निर्वासित झालेली पाचेक हजार पोलिश माणसं राहिली, बहुतेक बाया आणि पोरं. त्यांच्यातले जे इथं वारले ते कोल्हापुरातच पुरलेत. पोलंडहून नातवंडं येतात, फुलं ठेवतात. एकदा मी त्या थडग्यांपाशी उभा राहून कोरलेली नावं वाचायचा प्रयत्न केला होता. जीभ वळेना. हँगार्डच्या माळ्याचंही ‘वेलिणकर’ म्हणताना तसंच होत असेल. तरी तो गवत कापतो, दगड धुतो. त्या अनोळखी माणसाचे माझ्यावर उपकार आहेत असं मला मनापासून वाटतं.

जेवताना आईला हे सगळं सांगितलं. ती ताटावरून हात न हलवता ऐकत राहिली. मग म्हणाली, “बाळा, लढाईत गेलेल्यांचं भाद्रपदात चतुर्दशीला असतंय. सर्वपित्रीच्या आदल्या दिवशी.” उठून कॅलेंडर बघितलं. खरंच, त्या चौकटीत बारीक अक्षरांत ‘शस्त्रादिहत पितृश्राद्ध’ छापलंय. आजी त्याच दिवशी बसऱ्याच्या चुलत्यांचं पान ठेवायची, हे मी विसरूनच गेलो होतो.

“त्यांचं गोत्र काय?” आईनं विचारलं.

माहीत नाही म्हणालो.

“मग काश्यप म्हणायचं. ज्याचं ठाऊक नाही त्याचं काश्यप.” आणि भात वाढता वाढता म्हणाली, “यंदा दोन पानं ठेवू. आठवण कर मला.”

पेन्सिलीनं त्या चौकटीत नाव लिहून ठेवलं.