लीबिगच्या गावी, चुकून सोमवारी

फ्रँकफुर्टहून गीसनला रेल्वेनं साधारण पाऊण तास लागतो. मावसभावाकडे आठवडाभर मुक्काम होता आणि त्यातला एक दिवस मी या गावासाठी हट्टानं राखून ठेवला होता. "तिथे बघायला काय आहे?" असं त्यानं तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा मी म्हटलं, "कंडेन्सर." तो आयटीतला माणूस. पुढे विचारलं नाही.

बी.एस्सी.ला आम्ही त्याला 'लायबिग कंडेन्सर' म्हणायचो. वाफ थंड करून तिचा पुन्हा द्रव करायचं साधन: काचेची नळी, तिच्याभोवती दुसरी जाड नळी, थंड पाणी खालून आत आणि वरून बाहेर. रबरी नळ्या उलट जोडल्या की सर खेकसायचे. माझ्या हातून एक फुटला, त्याचे पैसे डिपॉझिटमधून कापले गेले, तेव्हापासून हे नाव डोक्यात पक्कं बसलंय. उच्चार मात्र चुकीचा बसला. इथे 'लीबिख' म्हणतात, शेवटचं अक्षर ख आणि श यांच्या मधलं काहीतरी. मला ते काही जमेना, म्हणून मी आपला लीबिगच लिहितो.

हा लीबिग म्हणजे एकोणिसाव्या शतकातला जर्मन रसायनशास्त्रज्ञ, आणि त्याच्या जुन्या प्रयोगशाळेचं संग्रहालय गीसनला आहे. तर मी गीसनला उतरलो तो सोमवारी. सोमवारी संग्रहालयं बंद असतात हे सगळ्या युरोपला माहीत आहे, फक्त मला नव्हतं. दाराची मूठ एकदा हलवून बघितली, फोटो काढला आणि गावात शिरलो.

गाव पाहून आधी जरा हिरमोडच होतो. डिसेंबर 1944 मध्ये बॉम्बफेकीत जुनं गीसन जवळजवळ सगळं गेलं. आता आहे ते काँक्रीट, दुकानं, सायकली आणि विद्यार्थी. लाकडी चौकटींची नक्षीदार घरं बघायची असतील तर दुसरीकडे जावं. पण भटकताना एक पुतळा दिसला आणि दिवस सत्कारणी लागला. हा 'श्लामबायझर', म्हणजे जुन्या काळी घरांमधल्या अरुंद बोळांतला मैला उपसणारा कामगार. गीसनकर स्वतःलाच कौतुकानं श्लामबायझर म्हणवून घेतात. आपल्याकडे एखादं गाव असं नाव मिरवेल? आणि याच गावात बसून लीबिगनं खताचं शास्त्र लिहिलं. पुढे तो कळवळून सांगत राहिला की शहरांचा मैला नदीत सोडणं म्हणजे शेताचं स्फुरद समुद्रात ओतणं. लंडनच्या सांडपाण्यावर तर त्याचा भारी राग. आपल्याकडच्या 'सोनखत' या शब्दातच त्याचं अर्धं भाषण आलंय.

मंगळवारी पुन्हा तीच गाडी, पुन्हा तेवढंच तिकीट.

संग्रहालय स्टेशनपासून चालत काही मिनिटांवर, लीबिगश्ट्रासवर. इमारत मुळात सैनिकी बराकीचं पहाऱ्याचं घर. बुटकी, समोर खांबांचा ओटा. 1824 मध्ये 21 वर्षांच्या पोराला इथे प्राध्यापक म्हणून आणून बसवलं. गीसनच्या प्राध्यापकांना तो नको होता. अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट या नावाजलेल्या शास्त्रज्ञानं शिफारस केली आणि हेसनच्या ग्रँड ड्यूकनं नेमणूक केली. वरून आलेला माणूस म्हटल्यावर सहकाऱ्यांचं तोंड कसं झालं असेल, हे नोकरी केलेल्या कुणालाही सांगायला नको.

पोरगा होताही तसाच. जन्म 1803 चा, डार्मश्टाटचा. वडील रंग आणि औषधी द्रव्यं विकायचे, मागच्या खोलीत घोटायचेही. जत्रेत एक फिरता विक्रेता चांदीच्या संयुगाचे फटाके बनवायचा. तो काय काय मिसळतो ते या मुलानं निरखून ठेवलं आणि घरी येऊन स्वतः बनवलं. शाळेत मात्र ठार मागे. पुढे काय होणार, असं मुख्याध्यापकांनी विचारल्यावर "रसायनशास्त्रज्ञ" म्हणाला आणि सगळा वर्ग हसला. 1816 मध्ये तो 13 वर्षांचा होता. त्या साली युरोपात उन्हाळा असा झालाच नाही. आदल्या वर्षी इंडोनेशियात तांबोरा ज्वालामुखी फुटला होता. पिकं गेली, लोक उपाशी राहिले. खताच्या ध्यासाचं मूळ बरेच जण तिथे शोधतात. मला ते थोडं जास्तच सोयीचं वाटतं, पण उपाशी वर्ष पाहिलेला मुलगा ते विसरत नाही, एवढं मी आमच्या घरावरून सांगू शकतो. अण्णा 1972 च्या दुष्काळाबद्दल अजून दबक्या आवाजात बोलतात.

आत एक निवृत्त गृहस्थ माहिती द्यायला होते. मी रसायनशास्त्र शिकलोय म्हटल्यावर त्यांनी मला थेट जुन्या प्रयोगशाळेत नेलं. मधोमध कोळशाची भट्टी, भिंतींना फळ्या, त्यांवर बाटल्या. घाण वास येणारे प्रयोग बाहेरच्या खांबांच्या ओट्यावर करायचे. नंतर 1839 मध्ये मोठी विश्लेषण प्रयोगशाळा बांधली. तिथे वायू ओढून घेणारी काचेची कपाटं आहेत, आपण ज्याला फ्यूम हूड म्हणतो त्याची पणजी. आमच्या कॉलेजात 2004 सालीही असलं कपाट नव्हतं. सल्फाइडचा वास डब्यातल्या पोळीलासुद्धा यायचा.

मग त्यांनी एका काचेच्या पेटीकडे बोट दाखवलं. "हे बघा. खरं हे त्याचं."

आत तळहातावर मावेल असं एक काचेचं चिमुकलं यंत्र होतं. पाच फुगे, एकाच नळीत ओवलेले, नळी वाकवून त्रिकोण केलेला. खाली तीन, वरच्या कोपऱ्यांत दोन. जर्मनमध्ये 'कालिअपारात'. 1831 मध्ये लीबिगनं ते प्रसिद्ध केलं. एखाद्या सेंद्रिय पदार्थात कार्बन किती, हे काढायचं म्हणजे तोवर मोठी यातायात असे. निघालेला वायू गोळा करा, त्याचं आकारमान मोजा, तापमान आणि दाब धरून हिशेब करा. लीबिगनं वायू मोजायचाच सोडून दिला. पदार्थ तांब्याच्या ऑक्साइडबरोबर जाळायचा. निघालेली वाफ कॅल्शियम क्लोराइडच्या नळीत अडते, कार्बन डायऑक्साइड पुढे या फुग्यांतल्या दाहक पालाशच्या (पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या) द्रावणात बुडबुडत जातो आणि तिथेच शोषला जातो. आधी वजन केलं होतं, आता पुन्हा करा. वाढलं तेवढं कार्बन डायऑक्साइड, त्यावरून कार्बन. बास. वायू एका फुग्यातून दुसऱ्यात जाताना निसटू नये म्हणून पाच फुगे.

मी त्या पेटीसमोर बराच वेळ वाकून उभा होतो. एका फुग्याची काच दुसऱ्यापेक्षा किंचित हिरवट होती आणि एक जोड जरा तिरका. कुणीतरी तोंडानं फुंकून बनवलेलं.

यामुळे झालं काय, तर हे काम एखाद्या महापंडिताचंच राहिलं नाही. वर्षभर शिकलेला पोरगाही भरवशाचं विश्लेषण करू लागला. मग पोरं येऊ लागली: इंग्लंड, फ्रान्स, अमेरिका, मेक्सिकोहून. भिंतीवर ट्राउटशोल्डनं काढलेलं 1842 चं चित्र आहे. त्यात सगळे गर्दीनं काम करताहेत, काहींच्या डोक्यावर चक्क उंच टोप्या. आउगुस्ट केकुले इथे वास्तुशास्त्र शिकायला आला होता, लीबिगची व्याख्यानं ऐकून घरं सोडून रेणू बांधायला लागला. हॉफमान तर गावचाच; त्याच्या वडिलांनीच ही प्रयोगशाळा वाढवून बांधली. तो लंडनला गेला, त्याच्या हाताखालच्या 18 वर्षांच्या पर्किननं 1856 मध्ये जांभळा रंग काढला आणि कृत्रिम रंगांचा धंदा सुरू झाला. त्याच धंद्यानं पुढे आपल्या नीळवाल्यांचं दिवाळं काढलं.

"आणि कंडेन्सर?" मी विचारलं.

गृहस्थ हसले. कंडेन्सर त्याचा नाहीच. वायगेल नावाच्या जर्मन माणसानं तसली रचना 1771 मध्येच मांडली होती, लीबिग जन्मायच्या 32 वर्षं आधी. यानं ती वापरून घरोघरी पोचवली आणि नाव चिकटलं. ज्याचे पैसे मी भरले ते त्याचं नव्हतं, आणि त्याचं होतं त्याचं नावही आमच्या अभ्यासक्रमात नव्हतं. अमेरिकन केमिकल सोसायटीच्या बोधचिन्हात मात्र हे पाच फुगे आजही आहेत.

शेतीतही तीच कथा. ज्या घटकाची सर्वांत जास्त टंचाई, त्यावर पीक अडतं, या नियमाला लीबिगचं नाव आहे. मांडला होता तो आधी कार्ल श्प्रेंगेलनं. 1840 च्या पुस्तकातून लीबिगनं तो गाजवला. वनस्पती कुजलेल्या मातीतला कार्बन खात नाही, तो हवेतून घेते आणि मातीतून घेते ते क्षार, हे त्यानं ठणकावून सांगितलं. मग 1845 मध्ये स्वतःचं पेटंट खत बाजारात आणलं आणि सपशेल तोंडावर आपटला. क्षार पावसानं वाहून जातील या भीतीनं त्यानं ते वितळवून असे घट्ट केले की मुळांनाही मिळेनात. शिवाय नत्र हवेतून पुरेसं मिळतं, असं तो म्हणायचा. इंग्लंडात रॉदमस्टेडला लॉज आणि गिल्बर्ट यांनी शेतात प्रयोग करून ते खोटं पाडलं. हा गिल्बर्ट लीबिगच्याच हाताखाली डॉक्टरेट झालेला! माती स्वतःच क्षार धरून ठेवते हे पुढे इतरांनी दाखवलं, तेव्हा मात्र त्यानं लिहून कबूल केलं की आपण निर्मात्याच्या शहाणपणाविरुद्ध पाप केलं.

बाहेर ओट्यावर बसून अण्णांना फोन लावला. वाळव्यात उसाला खत टाकायचं चाललं होतं.

"कुठं आहेस?"

"अण्णा, नत्र, स्फुरद, पालाश ज्यानं डोक्यात भरवलं ना, त्याच्या घरी आलोय."

"बरं. मग त्याला इचार, दहा-सव्वीसचं पोतं एवढं म्हाग का केलंय."

"वारला तो. दीडशे वर्षं झाली."

"मग पोतं काय सस्त हुत न्हाई आता." आणि कुणाला तरी हाक मारत त्यांनी फोन ठेवला.

दोन दिवसांनी म्युनिकला गेलो. लीबिगही 28 वर्षांनी, 1852 मध्ये, गीसन सोडून तिथेच गेला होता. अट अशी की आता पोरांना प्रयोगशाळेत शिकवणार नाही, फक्त व्याख्यानं देणार. तिथेही पुढच्याच वर्षी राजघराण्यातली मंडळी समोर बसलेली असताना एक प्रयोग फुटला आणि काचा उडाल्या. जत्रेतला मुलगा काही गेला नव्हता. त्यानं मांसापासून काढलेल्या अर्कानं नंतर उरुग्वेत फ्राय बेंटोस इथे मोठा कारखाना उभा केला. एक किलो अर्काला तीसेक किलो मांस लागायचं. पोषण म्हणून तो फार गाजवला गेला. खरं तर चवीपलीकडे त्यात विशेष काही नव्हतं.

माक्सिमिलियान चौकात त्याचा बसलेला संगमरवरी पुतळा आहे, 1883 चा. उभारल्यावर काही महिन्यांतच कुणीतरी रात्री त्यावर सिल्व्हर नायट्रेट ओतलं आणि पांढरा लीबिग काळा पडला. हे द्रावण अंगठ्याला लागलं की आठवडाभर जात नाही, हे प्रॅक्टिकल केलेल्यांना माहीत आहे. आरसे पाऱ्याऐवजी चांदीचे व्हावेत म्हणून लीबिग ज्या क्षाराशी झटत बसला, तोच हा. करणारा रसायनशास्त्र शिकलेला असणार. डाग काढायलाही पेटेनकोफर आणि बायर यांच्यासारखे रसायनशास्त्रज्ञच बसवावे लागले.

मी पुतळ्याभोवती दोन चकरा मारल्या. मांडीच्या घडीत, बाहीखाली, बुटांच्या खाचेत नीट वाकून पाहिलं. कबुतरांचे डाग तेवढे दिसले.